पाणी कधी आहे ते बघून निघा

ताईचा फोन आला तेव्हा मी लोकलमध्ये दारात लटकलेलो होतो, त्यामुळे नीट ऐकू काही आलं नाही आणि मी नुसतं हो हो करत गेलो. घरी आल्यावर बायकोला सांगितलं की ताई, भाऊजी, दोन पोरं आणि आई असे पाच जण अकोल्याहून येतायत, नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी, सहा दिवसांसाठी. बायको म्हणाली येऊ देत की, पण दाखवणार काय? मागच्या वेळी सिद्धिविनायक, एक मॉल आणि गेटवेसमोर फोटो एवढ्यात आपण त्यांना गुंडाळलं होतं.

खरं सांगायचं तर मुंबईत येऊन मला चौदा वर्षं झाली आणि या चौदा वर्षांत मी समुद्रावर मुद्दाम म्हणून किती वेळा गेलो ते एका हाताच्या बोटांवर मोजता येईल. भांडुपला राहणाऱ्या माणसाचा समुद्राशी संबंध म्हणजे कांजूरच्या पुढे हवा बदलली की वास येतो तेवढाच. पण ताईने फोनवर एक वाक्य बोललेलं नंतर आठवलं, ‘यंदा पोरायले समुद्र दाखव रे, नुसता कठड्यावरून नाई, आतून.’ आता आतून म्हणजे काय हे तिलाही माहीत नव्हतं आणि मलाही.

गुरुवारी सकाळी विदर्भ एक्स्प्रेसने मंडळी ठाण्याला उतरली. त्या दिवशी झोप, आंघोळी, आईने आणलेल्या ठेच्याचं आणि सांडग्यांचं वाटप वगैरे. शुक्रवारी सकाळी मी मोठ्या उत्साहात सगळ्यांना घेऊन वांद्र्याला कार्टर रोडला गेलो. मोबाइलवर बघून ठेवलं होतं की तिथे खडकाळ किनारा आहे, ओहोटीला खडकांच्या खळग्यांत जिवंत प्राणी दिसतात, पोरांना मज्जा येते. ‘ओहोटीला’ हा शब्द मी वाचला होता. पण डोक्यात असं होतं की समुद्र आहे, गेलो की दिसेल.

साडेदहाला पोचलो तर कठड्याखाली नुसतं पाणी. खडक नाही, खळगे नाहीत, काही नाही. करडं पाणी दगडांवर आपटून वर उडत होतं आणि त्यातून चपला, पाण्याच्या बाटल्या आणि एक आख्खं थर्माकोलचं खोकं वर-खाली होत होतं. छोटू (भाचा, वय आठ) पाच मिनिटं बघत राहिला आणि म्हणाला, ‘मामा, प्राणी कुठी आहेत?’ भाऊजी सभ्य माणूस, ते म्हणाले हवा चांगली आहे बाप्पा इथं. मोठी (भाची, वय तेरा) मोबाइलमध्ये. मग आम्ही दोन तास ट्रॅफिकमध्ये घालवून परत आलो, मध्ये वडापाव. संपला पहिला दिवस.

संध्याकाळी स्टेशनजवळच्या मार्केटात मासे घ्यायला गेलो. भाऊजी मटण खाणारे पण समुद्राचा मासा म्हणजे त्यांना पापलेट एवढंच ठाऊक (ते तर आता आपला राज्य मासा झालंय, २०२३ साली सरकारने जाहीर केलं). मी ज्या मावशीकडून नेहमी घेतो ती कोळीण, तिला म्हटलं मावशी जरा चांगले ओले बोंबील दे, पाहुणे आलेत. ती बोंबील साफ करता करता विचारत होती, पाहुण्यांना काय दाखवलंस. मी सकाळचा किस्सा सांगितला. तर ती हातातला कोयता थांबवून हसायलाच लागली. म्हणाली, ‘आरं, भरल्या पान्यात खडक बगाया गेलास? पानी कवा हाय ते बगून जायाचं ना!’

मी म्हटलं ते कसं बघायचं, अ‍ॅपवर का? तर तिने मला जे सांगितलं ते मी गेले काही आठवडे भेटेल त्याला सांगत सुटलोय, म्हणून इथेही सांगतो. भिंतीवरच्या कॅलेंडरात आज तिथी कोणती ते बघायचं. तिथीची पाऊणपट करायची. जो आकडा येईल त्या वाजता पाणी भरलेलं. म्हणजे चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, तीन वाजता पूर्ण भरती, दुपारीही आणि रात्रीही. तिथून साधारण सहा तासांनी ओहोटी. बस. त्या दिवशी चतुर्दशी होती, म्हणजे चौदा पाऊणे साडेदहा. साडेदहा! मी बरोब्बर पूर्ण भरतीला, मिनिट चुकवायचं नाही अशा बेताने, पाच माणसांना घेऊन वांद्र्याला पोचलो होतो.

घरी येऊन पडताळून पाहिलं, भरती-ओहोटीच्या तक्त्याशी दहा-वीस मिनिटं, कधी जरा जास्त, इकडेतिकडे होतात पण हिशोब बसतो. कारणही सोपं आहे, चंद्र रोज थोडा उशिरा डोक्यावर येतो म्हणून भरतीही रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते, आणि तिथी चंद्रावरच चालते. म्हणजे आपली आई ज्या कॅलेंडरात चतुर्थीचा उपास बघते त्याच चौकटीत समुद्राचं टाइमटेबल आहे आणि आपल्याला पत्ता नाही. मावशीने अजून एक सांगितलं, पुनवेला आणि आवसेला उधाण, तेव्हा पाणी चढतंही खूप आणि उतरतंही खूप. मुंबईत मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो, म्हणजे घराच्या एका मजल्यापेक्षा जास्त. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी फारसं हलत नाही, खडक बघायला जाण्यात अर्थ नाही. ‘उद्या पुनव हाय, सांजचं जा,’ ती म्हणाली, ‘आनि पोरांच्या पायात चपला ठेव, पाकट आसतं वालूत.’

पाकट म्हणजे शेपटीला काटा असलेला तो चपटा मासा. २०१३ च्या गणपती विसर्जनात गिरगाव चौपाटीवर कित्येक जणांना याच पाकटांनी डंख मारला होता, तेव्हा पेपरात वाचलं होतं, त्यामुळे हे मला लगेच पटलं.

बोंबलांचं थोडं सांगायलाच हवं. बोंबील घरी आणले की भाऊजींनी ते उचलून बघितले आणि त्यांचा चेहरा पडला, कारण ओला बोंबील म्हणजे हातात जेली धरल्यासारखा लागतो. म्हणाले, ‘हे शिजवलं तर उरते का काही?’ बायकोने ते मधून चिरून उघडे केले, काटा काढला, मीठ लावलं, दोन फडक्यांच्या मध्ये पसरले आणि वर पोळपाट, त्याच्यावर पाण्याने भरलेलं पातेलं ठेवलं. अर्ध्या तासाने फडकं पिळलं तर अक्षरशः पाणी निथळलं. मग हळद, तिखट, आगळ, आलं-लसूण आणि वरून रवा-तांदळाचं पीठ. कुरकुरीत झाले की आत लोण्यासारखे. भाऊजींनी पहिला तुकडा संशयाने खाल्ला आणि नंतर भाकरीला विसरले. आई शाकाहारी, ती लांब बसून नाकाला पदर लावून बघत होती, पण नजर हटत नव्हती.

शनिवार, पौर्णिमा. पंधरा पाऊणे सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी साडेपाचच्या आसपास. आम्ही पुन्हा तिथेच गेलो, त्याच कठड्यापाशी. ताई कुरकुरत होती की तेच काय पुन्हा पाहाचं, पण गाडीतून उतरल्यावर गप्प झाली. समुद्र निघून गेला होता. जिथे काल लाटा उडत होत्या तिथून पार लांबपर्यंत काळा खडक उघडा पडलेला, मध्ये मध्ये पाण्याची डबकी, आणि पाणी कुठेतरी तिकडे, पांढऱ्या रेघेसारखं. छोटू म्हणाला, ‘मामा, कुणी बूच काढलं का?’

या शहरात असे किनारे दाखवणारे लोक आहेत. २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ नावाचा ग्रुप ओहोटीच्या वेळा बघून शोअर वॉक घेतो, जुहू, हाजी अली, गिरगाव अशा ठिकाणी. आमच्या तारखांशी त्यांचा वॉक जुळत नव्हता, पण त्यांच्यासारख्यांचं वाचून काही नियम मी पाठ केले होते. ओहोटीच्या पूर्ण वेळेच्या तासभर आधी उतरायचं. घट्ट बसणारे, खाली ग्रिप असलेले बूट. हिरव्या शेवाळावर पाय द्यायचा नाही. दगड उलटा करायचा नाही, कारण खाली राहणाऱ्याचं ते घर असतं आणि उन्हात पडला की तो मरतो. शंख उचलायचा नाही, रिकामा दिसला तरी, कारण एक तर त्यात कुणीतरी राहत असतं आणि दुसरं म्हणजे शंकूसारख्या आकाराच्या काही गोगलगायी विषारी डंख मारतात. आणि पाणी फिरलं की फोटोचा मोह सोडून वर यायचं.

पहिली दहा मिनिटं आम्हाला काहीही दिसलं नाही. फक्त प्लास्टिक, एक फाटकी साडी, निर्माल्याची पिशवी. खोटं कशाला बोलू, वासही होता. मग मोठी एका डबक्याशी उकिडवी बसली आणि हलेचना. जाऊन बघितलं तर वीतभर डबकं, तळाला छोटे छोटे शंख, आणि त्यातला एक शंख चालायला लागला. मग दुसरा. मग कळलं की सगळेच चालतायत. शंखात राहणारे खेकडे. गोगलगाय मेली की हे तिच्या शंखात राहायला जातात आणि मोठे झाले की मोठा शंख शोधतात. आम्ही बघत असतानाच एकजण शंख बदलायच्या बेतात होता, म्हणजे नव्या शंखाच्या तोंडात आधी नांगी घालून मापं घेत होता, बाहेरून फिरवून बघत होता, पुन्हा आत. भाऊजी म्हणाले, ‘फ्लॅट पाहून राह्यला गडी.’ पाचेक मिनिटांनी एका झटक्यात तो जुन्यातून निघून नव्यात शिरला, आणि त्या एका क्षणात त्याचं उघडं, मऊ, वाकडं शेपूट दिसलं. मोठीने व्हिडिओ काढला होता पण तो क्षण हुकला तिचा, अजून हळहळतेय.

एकदा नजर बसली की मग दिसत जातं. एका खडकाच्या उतारावर हिरव्या-तपकिरी बटणांचा गालिचा अंथरल्यासारखा होता, मला वाटलं शेवाळ. ते झोअँथिड, प्रवाळांचे चुलत भाऊ म्हणा, हजारो जीव एकमेकांना चिकटून. पाणी असलं की उघडतात, नसलं की मिटतात. एका खळग्यात समुद्रफूल होतं. वर खडकांवर पांढरी धारदार कालवं, त्यांनी छोटूचा गुडघा थोडा सोलला. आणि आईला (ती वर बाकावर बसली होती, मी तिला हात धरून तिवरांच्या बाजूला आणली) चिखलात उड्या मारणारे निवटे दिसले. मासा आणि पाण्याबाहेर, डोकं वर काढून इकडेतिकडे बघणारा. आई म्हणाली, ‘बेडूक आहे का मासा आहे, त्यालेच माहीत नसन.’

सहा वाजून गेले, सूर्य बुडत होता, आणि मग ते झालं. आम्ही ज्या खळग्याशी होतो त्याच्या कडेवरून एक पातळशी पाण्याची जीभ आत आली. आवाज नाही, काही नाही. पाच मिनिटांत आम्ही ज्या दगडावरून आलो तो ओला झाला. तेव्हा मी सगळ्यांना हाकारून वर काढलं. समुद्र कधीही धावून येत नाही, तो मागच्या बाजूने गुपचूप येतो आणि रस्ता बंद करतो. लोक खडकावर अडकल्याच्या बातम्या का येतात ते त्या दिवशी समजलं. पावसाळ्यात तर हे असले उद्योग करूच नका, लाटा कुणाचं ऐकत नाहीत आणि जुहूला वगैरे निळ्या फुग्यांसारखे डंख मारणारे जीवही वाहून येतात.

आता गंमत बघा. रविवारचं बुकिंग होतं ऐरोलीला, फ्लेमिंगोंच्या बोटीचं. तिथे वन विभागाच्या कांदळवन कक्षाचं केंद्र आहे, ऑनलाइन तिकीट मिळतं. पण तिथला सगळा हिशोब उलटा. खडक बघायला ओहोटी लागते आणि खाडीत बोट न्यायला भरती लागते, नाहीतर बोट गाळात बसेल. म्हणून तिथे रोज बोटींची वेळ वेगळी, ठाणे खाडीत पाणी असेल तेव्हाची. मला बुकिंग करताना याचा राग आला होता की ही काय पद्धत, एखाद्या दिवशी सकाळी सातला, एखाद्या दिवशी दुपारी. आता मी प्रतिपदा म्हणून कॅलेंडर बघितलं, पाऊण, म्हणजे पाऊण वाजता भरती, आणि आमची बोट त्याच्या आधी अकराच्या सुमाराची. छोटूने स्वतः गुणाकार करून सांगितलं. त्याला पाऊणकी येत नव्हती, आईने शिकवली. तिच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करून घ्यायचे, त्याचा साठ वर्षांनी उपयोग झाला.

भांडुपहून ऐरोली म्हणजे मुलुंडमार्गे पुलावरून पलीकडे, इतकं जवळ. बोट निघाली की दोन्ही बाजूंना तिवरं. गाइडने पांढरी चिप्पी दाखवली, २०२० मध्ये महाराष्ट्राने हिला राज्य कांदळवन वृक्ष केलं, असं करणारं आपलं पहिलं राज्य. तिची मुळं गाळातून पेन्सिली खोचल्यासारखी वर येतात, श्वास घ्यायला. फ्लेमिंगो, म्हणजे रोहित, दिसले. जानेवारीच्या सुरुवातीला अजून सगळी गर्दी आलेली नसते, त्यामुळे पेपरात छापतात तसं गुलाबी मैदान वगैरे नव्हतं, लांबवर एक फिकट गुलाबी पट्टा आणि जवळ चाळीस-पन्नास पक्षी, माना उलट्या करून चिखल गाळत. ते शेवाळ खातात आणि त्याच्यातल्या रंगाने गुलाबी होतात, पिल्लं करडी असतात. ताई म्हणाली एवढ्या घाणीत एवढे सुंदर पक्षी कसे राहत असतील. गाइड काही बोलला नाही, पण मागे टॉवर, हाय-टेन्शनच्या तारा, समोर पक्षी आणि हे २०१५ पासून अभयारण्य आणि २०२२ पासून रामसर (म्हणजे जागतिक महत्त्वाची) पाणथळ, हे सगळं एकाच फोटोत येतं. जायचंच असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये जा, आम्ही जरा लवकर गेलो.

सोमवारी माझी पुन्हा फजिती. समुद्राचं टाइमटेबल पाठ झालं म्हणून मी जरा हवेत होतो. घारापुरीला जायचं म्हणून सकाळी सगळ्यांना उठवून, डबे भरून, लोकलच्या सकाळच्या गर्दीतून सीएसएमटी, तिथून टॅक्सीने गेटवे. तिकीट खिडकीशी गेलो तर तिथला माणूस म्हणाला, ‘आज सोमवार, लेणी बंद.’ सोमवारी लेणी बंद असतात हे कुणाही मुंबईकराला माहीत असायला हवं, मला नव्हतं. भाऊजी काहीच बोलले नाहीत आणि तेच जास्त लागलं.

गेटवेच्या समोर सीगलचे थवेच्या थवे होते, हिवाळ्यात लांबून येतात, आणि लोक त्यांना पाकिटं फोडून गाठिया खायला घालत होते. छोटूनेही हात पुढे केला, मोठीने त्याला फटकारलं, ‘तेलकट खाऊन मरतात ते.’ पोरगी शनिवारपासून बदलली होती हे नक्की.

मग मला एकदम आठवलं. घारापुरीला पोर्तुगीजांनी एलिफंटा हे नाव का दिलं, तर तिथे किनाऱ्याजवळ दगडाचा मोठा हत्ती होता. तो हत्ती आता बेटावर नाहीच. इंग्रजांनी १८६४ मध्ये तो उचलून इंग्लंडला न्यायचा घाट घातला, उचलताना तो फुटला, मग तुकडे जोडून इथेच ठेवला. आज तो भायखळ्याला राणीच्या बागेला लागून, भाऊ दाजी लाड म्युझियमच्या बाहेर उभा आहे. म्हटलं चला, गाव बंद आहे तर आधी गावाच्या मालकाला भेटू. बाग आणि म्युझियम बुधवारी बंद असतात, सोमवारी नाही, हे या वेळी टॅक्सीत बसायच्या आधी तपासलं.

हत्ती उघड्यावर, झाडाखाली. फारसं कुणी थांबत नाही, सगळे पेंग्विनकडे धावत असतात. जवळ गेलं की सांधे दिसतात, कुठे कुठे जोडलाय ते. मोठी त्याच्या पायावरून हात फिरवत होती (फिरवायचा नसतो बहुतेक, पण मी ओरडलो नाही) आणि छोटू विचारत होता की याला परत का नाही नेऊन ठेवत. मला उत्तर सुचलं नाही. मग अर्थातच आम्हीही पेंग्विनकडे धावलो.

मंगळवारी, तृतीयेला, पुन्हा गेटवे. तीन पाऊणे सव्वादोन, म्हणजे सकाळी पाणी उतरलेलं. धक्क्याच्या पायऱ्या खालपर्यंत उघड्या, हिरव्या, बुळबुळीत, आणि बोट खाली. छोटूने उतरताना पायऱ्या मोजल्या, सोळा. आईला दोघांनी धरून उतरवलं, एका बोटीतून दुसऱ्या बोटीत पाय टाकताना तिने रामाचं नाव घेतलं. सगळ्यांना लाइफ जॅकेट घालायला लावलं, डिसेंबर २०२४ मध्ये याच पाण्यात मोठा बोट अपघात झाला होता त्यानंतर हे कडक झालंय. काही लोक फोटोपुरतं घालून काढत होते. भाऊजींनी तासभर बकल धरून ठेवलं होतं.

तासाभराने घारापुरी. धक्का इतका लांब का तर किनाऱ्याला सगळा गाळ, बोट जवळ येऊच शकत नाही, म्हणून पाण्यात लांबवर बांधलाय आणि त्याच्यावरून छोटी ट्रेन. चालायला दहा मिनिटं लागतात पण पोरं ऐकणार थोडीच. मग ग्रामपंचायतीचा छोटा कर, मग सव्वाशेच्या आसपास पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकानं. पायथ्याशी डोलीवाले असतात. आईला म्हटलं बस. तिने डोली उचलणाऱ्या दोघांकडे बघितलं, त्यातला एक साधारण तिच्याच वयाचा वाटत होता. ‘तो मले उचलन? मी त्याले उचलू का?’ म्हणाली आणि चालायला लागली. चार ठिकाणी बसली, एकदा काकडी खाल्ली, पण चढली. माकडांनी मोठीच्या हातातली मिरिंडाची बाटली नेली, ते सोडून अपघात नाही. तिकीट चाळीस रुपये, पंधरा वर्षांखालची पोरं फुकट.

आत गेल्यावर डोळ्यांना आधी काही दिसत नाही. बाहेर ऊन इतकं असतं की आतला काळोख काळाच. मग हळूहळू खांब दिसतात, मग मागच्या भिंतीतून तो चेहरा येतो. तीन तोंडांचा सदाशिव, अठरा-वीस फूट उंच, आणि सगळी मूर्ती डोंगरातच कोरलेली, सहाव्या शतकातली. लोक त्रिमूर्ती म्हणतात, ब्रह्मा-विष्णू-महेश, पण तिन्ही शिवच, आपल्या डाव्या हाताला मिशीवाला रागीट अघोर, उजव्या हाताला नाजूक, हातात कमळ घेतलेली उमा आणि मध्ये डोळे मिटलेला शांत. १९८७ पासून हे जागतिक वारसा स्थळ आहे. मला सगळ्यात आवडलं ते बाजूचं गंगावतरण आणि शिवपार्वतीच्या लग्नाचं शिल्प, पार्वती लाजून उभी आहे, हात तुटलेत, पाय तुटलेत, पण लाजणं शाबूत. आईने तिथे बराच वेळ लावला. मध्ये चार दारांचा गाभारा आहे, आत लिंग. पूजा होत नाही तिथे, पण आईने चपला बाहेर काढूनच प्रदक्षिणा घातली आणि कुणी काही म्हणालं नाही.

खाली येताना एका टपरीवर जेवलो. टपरीवालीशी आईच्या गप्पा लागल्या. बेटावर तीन वस्त्या, शेतबंदर, राजबंदर, मोरबंदर, आणि वीज आली २०१८ मध्ये. समोर मुंबईचे दिवे रात्रभर दिसायचे आणि इथे जनरेटर संध्याकाळी काही तास. ताईने हे ऐकून माझ्याकडे बघितलं, जसं काही मीच तारा ओढल्या नव्हत्या.

परतीची बोट दोनची पकडली. गेटवेला पोचलो तेव्हा भरती होऊन गेली होती, पाणी वरपर्यंत. छोटूने उतरल्या उतरल्या मागे वळून पायऱ्या मोजल्या. पाच. सकाळच्या अकरा पायऱ्या पाण्याखाली. तो तिथेच धक्क्यावर बसून पाण्याकडे बघत बसला आणि आमची टॅक्सी खोळंबली.

रात्री ठाण्याहून त्यांना गाडीत बसवलं. आईने जाताना कॅलेंडर मागून घेतलं, आमच्या भिंतीवरचं, ‘तुम्ही दुसरं घ्या’ म्हणे. घरी एक असताना तिला दुसरं कशाला हवं होतं ते नंतर कळलं, छोटूच्या अभ्यासाच्या टेबलावर लावायला.

पुढच्या रविवारी सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचा व्हॉइस मेसेज आला. अकोल्यात, समुद्रापासून इतक्या लांब बसून. ‘मामा, आज अष्टमी आहे. आठ पाऊणे सहा. तुमच्याकडे संध्याकाळी सहाला भरती आहे, पण भांग आहे, जास्त नाही येणार. बरोबर ना? पाहून सांग.’

मी खिडकीत जाऊन बघितलं. समोरच्या बिल्डिंगचं पार्किंग दिसत होतं, आणि एक माणूस स्कूटर धूत होता.